झाडपाला : उष्णकटिबंधीय वृक्षांच्या पानांचे पोषणमूल्य

उष्ण कटिबंधातील अनेक वृक्षांचा पाला हे रवंथ करणाऱ्या जनावरांचे पूरक खाद्य आहे. त्याचे मोल कोरड्या महिन्यांत कळते. वाळलेले गवत, भाताचा पेंढा यांत प्रथिने जेमतेम ३ ते ५ टक्के असतात. आहारात निदान ७ टक्के प्रथिने नसतील, तर कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्यांच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांचे तंतू पचवण्याचे काम मंदावते आणि पोट भरलेले असूनही जनावर खंगत जाते. खोल मुळांमुळे हिरवी राहिलेली झाडे नेमकी हीच उणीव भरून काढतात.

शुष्क पदार्थाच्या, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागाच्या, हिशेबाने सुबाभूळ व गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) पाल्यात २० ते २५ टक्के, शेवगा व हादग्यात २५ टक्क्यांच्या आसपास, तर तुतीत १५ ते २५ टक्के प्रथिने असतात. तुतीचा पाला पचायला सर्वांत हलका. वड-पिंपळाच्या जून पानांत ती १० टक्क्यांच्या आसपास असतात. ही पाने पोट भरण्यापुरती. मात्र ताज्या पाल्यात ७० ते ७५ टक्के पाणीच असते. त्यामुळे २४ टक्के प्रथिनांच्या १ किलो ओल्या पाल्यातून जेमतेम ६० ते ७० ग्रॅम प्रथिने मिळतात. पाल्याची पेंडीशी तुलना करताना हिशेब चुकतो तो इथेच.

प्रयोगशाळेतील प्रथिनांचा टक्काही जपून वाचावा. नत्राला ६.२५ ने गुणून तो काढतात, म्हणून तंतूंना घट्ट चिकटलेले आणि विषारी घटकांतले नत्रही त्यात मोजले जाते. टॅनिनने, म्हणजे पाल्यातील तुरट द्रव्याने, बांधलेली प्रथिने हे याचे ठळक उदाहरण. शुष्क पदार्थाच्या २ ते ४ टक्क्यांपर्यंत संघनित टॅनिन (टॅनिनचा एक प्रकार) उपकारक ठरते: ते प्रथिनांना बांधून कोटीपोटातून पुढे आतड्यात नेते, आणि पोटफुगीही टळते. ५-६ टक्क्यांच्या वर गेले, की प्रथिने बांधलेलीच राहतात, तोंडाला तुरटपणा येतो आणि खाणे घटते. असा पाला मेंढ्या-गाईंपेक्षा शेळ्यांना अधिक मानवतो.

सुबाभळीतील मायमोसिन हे विषारी द्रव्य कोवळ्या शेंड्यांत सर्वाधिक असते. घोड्यांना व डुकरांना ते थेट बाधते आणि केस गळतात. रवंथ करणाऱ्यांच्या कोटीपोटात त्याचे डीएचपी हे दुसरे घातक द्रव्य बनते. ते अवटु (थायरॉइड) ग्रंथीच्या कामात अडथळा आणते, त्यातून गलगंड होतो, लाळ गळते, वाढ खुंटते. हवाईतील शेळ्यांना मात्र ही बाधा होत नाही, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले. डीएचपी मोडणारा जिवाणू त्यांच्या कोटीपोटात होता. त्याला पुढे १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळाले. हा जिवाणू एका जनावरातून दुसऱ्यात जातो, म्हणून सरावलेल्या जनावराचा कोटीपोटातील रस देणे हा खरा उपाय आहे. ते शक्य नसेल, तर सुबाभूळ आहाराच्या ३० टक्क्यांपुढे नेऊ नये.

पाल्याचे प्रमाण एकूण शुष्क आहाराच्या एक-तृतीयांशापर्यंत ठेवावे. २५ किलोची शेळी दिवसाला सुमारे ९०० ग्रॅम शुष्क पदार्थ खाते. म्हणजे पाल्याचा वाटा ३०० ग्रॅम, ओला मोजला तर साधारण १.२ किलो. एवढा पाला एकदम सुरू करू नये. मूठभरापासून वाढवत १०-१५ दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे. दुभत्या जनावरांना तो धार काढल्यानंतर द्यावा, नाहीतर दुधाला वास लागू शकतो.

गिरिपुष्पाचा उग्र वास जनावरांना नकोसा वाटतो. फांद्या रात्रभर सुकवून दिल्या, की तीच जनावरे गव्हाण साफ करतात. कॅलिअँड्रा या चाऱ्याच्या झाडाचे उलटे आहे: त्याचा पाला सुकवला, की पचनीयता घसरते, म्हणून तो ताजाच द्यावा. साठवायचा पाला सावलीत पातळ पसरून, उलथापालथ करत १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावा. कडक उन्हात कॅरोटीन (ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते) नष्ट होते. बुरशी लागलेले गिरिपुष्प तर टाकूनच द्यावे, कारण त्यातील कुमारिन या वासाच्या द्रव्यापासून रक्त गोठू न देणारे द्रव्य तयार होते.

पाल्यात कॅल्शियम भरपूर, बहुधा १ ते २ टक्के असते. फॉस्फरस मात्र ०.२ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे पाल्यावर पोसलेल्या जनावरांना, विशेषतः दुभत्यांना, फॉस्फरसयुक्त क्षारमिश्रण किंवा कोंडा द्यावाच लागतो.