सोटोचे 76.5 कोटी डॉलर आणि एका विजयाचा भाव

न्यूयॉर्क मेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने डिसेंबर 2024 मध्ये 26 वर्षांच्या हुआन सोटो या फलंदाजाशी 15 वर्षांचा, 76.5 कोटी डॉलरचा करार केला आणि ‘चाळिशीच्या बॅटरला कोण एवढे पैसे देतं?’ अशी ओरड झाली. चाळिशीच्या बॅटरसाठी कोणीच देत नाही. मेट्सने विकत घेतली ती त्याची 26 ते 33 ही वर्षं. पुढची वर्षं म्हणजे त्याच मालाचे उरलेले हप्ते.

हिशोबाचं माप ‘वॉर’ (विन्स अबव्ह रिप्लेसमेंट). खेळाडूच्या जागी मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या दर्जाच्या स्पर्धांतून, सहज मिळणारा कामचलाऊ गडी उभा केला, तर संघाचे किती विजय घटतील, तो आकडा. फलंदाजी, क्षेत्ररक्षण, बेसवरची पळापळ सगळं आधी धावांत मोडायचं (वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस, सुमारे 0.3 धाव; होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, सुमारे 1.4) आणि ढोबळमानाने 10 धावांना एक विजय धरायचा. ‘मोक्याच्या क्षणी हाच चालतो’ या कौतुकाला यात शून्य किंमत, कारण तो गुण एका हंगामातून दुसऱ्यात फारसा टिकलेला दिसत नाही.

फॅनग्राफ्स या बेसबॉल-आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या मोजणीत 2022 ते 2024 मध्ये सोटोचं वॉर सुमारे 4, 5.5 आणि 8. ताज्या वर्षाला जास्त वजन द्यायचं, 3:4:5. सरासरी येते 6.2, आपण 6 धरू. नुसते 8 धरणं म्हणजे सर्वोत्तम हंगामालाच सवय समजणं.

आता वय. तिशीपर्यंत 6 कायम, मग दरवर्षी अर्धा विजय कमी. चाळिशीत उरतो 1. बेरीज 62.5 विजय. खुल्या बाजारात विजयाचा भाव 80 लाख डॉलर आणि त्यात दरसाल 5 टक्के वाढ धरली, तर किंमत निघते सुमारे 65.7 कोटी. सुरुवात 6 ऐवजी 7 ने केली की तीच 83 कोटी होते, 5 ने केली की 48 कोटी! पहिल्याच आकड्यात एका विजयाची चूक म्हणजे 17 कोटींचा फरक, आणि एक विजय इकडे-तिकडे होणं ही वॉरच्या मोजणीतली नेहमीची बाब आहे.

उताराची रेघही फसवी असते. सदतिशीतल्या खेळाडूंची सरासरी काढताना पस्तिशीत ढेपाळून बाहेर पडलेले हिशोबात येतच नाहीत, म्हणून घसरण असते त्याहून सौम्य दिसते. शिवाय प्रत्यक्षात ती सरळ रेषेत होत नाही. एंजल्स या दुसऱ्या संघाने 2011 च्या अखेरीस आल्बर्ट पुहोल्स या फलंदाजाला 10 वर्षांसाठी 24 कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा तो 31 वर्षांचा होता. तळपायाच्या दुखण्याने त्याला गाठलं, आणि करार संपण्याआधीच, मे 2021 मध्ये, संघाने त्याला सोडलं.

सोटोच्या करारातलं सर्वात महाग कलम आकड्यात दिसतच नाही. पाचव्या हंगामानंतर तो करार मोडू शकतो. तोवर उत्तम खेळला, तर त्याला थांबवायला मेट्सला उरलेल्या 10 वर्षांसाठी दरसाल 40 लाख डॉलर वाढवून द्यावे लागतील. वाईट खेळला, तर तो आहे त्याच करारात राहील.