लागर, एल आणि आंबोळीचे पातेले

डिसेंबरच्या थंडीत बेळगाव-खानापूरकडच्या घरांत आंबोळीचे पीठ लवकर फुगत नाही, म्हणून पातेले घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवतात. तेच पीठ एप्रिलमध्ये सकाळी पाहावे तर झाकण उचलून बाहेर ओघळलेले असते. पिठात मुख्यतः जिवाणू काम करतात आणि बिअरमध्ये यीस्ट, परंतु आंबण्याची गती तापमानावर ठरते हे दोन्हीकडे सारखेच. लागर आणि एल या बिअरच्या दोन प्रकारांतील भेदही बराचसा इथूनच सुरू होतो.

फिकी आणि हलकी ती लागर, गडद आणि कडक ती एल, हा सर्रास ऐकू येणारा समज चुकीचा आहे. रंग ठरतो तो मोड आणलेली बार्ली किती भाजली यावरून. जर्मनीत काळी लागरही बनते आणि इंग्लंडची पेल एल तांबूस-सोनेरी असते.

खरा फरक यीस्टचा. एलचे यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए. बेकरीतला पाव फुगवणारे यीस्टही याच जातीचे. ते साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअसला जोमाने काम करते, बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि थोड्याच दिवसांत मोकळे होते. या उबेत ते एस्टर नावाची सुगंधी संयुगे भरपूर तयार करते. त्यांपैकी आयसोअमाइल ॲसिटेट हे पिकल्या केळ्याच्या वासातलेच संयुग असल्यामुळे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या गव्हाच्या बिअरचा (तीही एलच) पेला नाकाशी नेला, तर केळी पिकत घातलेल्या खोलीचे दार उघडल्यासारखे वाटते.

लागरचे यीस्ट, सॅकरोमायसिस पास्टोरिआनस, हे संकरित आहे. एक पालक म्हणजे वर सांगितलेले एलचे यीस्ट. दुसरा, थंडी सोसणारा सॅकरोमायसिस युबायानस, 2011 मध्ये दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात बीच वृक्षांवरील गाठींत सापडला, आणि युरोपातल्या पिंपात अर्धा वाटा असलेला हा जीव तिकडे मिळावा याचे मला अजून नवल वाटते. बव्हेरियात 1553 पासून 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास बंदी होती. हिवाळ्यात आणि थंड तळघरांत आंबवण्याच्या या रीतीने असे यीस्ट आपोआप निवडले गेले असावे. ते 7 ते 13 अंशांना संथ आंबते, तळाशी बसते, आणि मग बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे ठेवली जाते. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवणे. लोण्यासारखा वास आणणारे डायअसेटिल यीस्ट स्वतःच परत शोषून घेते, त्यामुळे चव स्वच्छ लागते. 1870 च्या दशकात जर्मन अभियंते कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे आली आणि लागर हिवाळ्यातून सुटली.

बेळगावात कडाक्याच्या रात्री पारा 15 च्या खाली जातो, दुपारी मात्र 30 च्या जवळ पोहोचतो. इथे यंत्राशिवाय बिअर आंबवायची झाली, तर एलचे पिंप रात्री घोंगडीत गुंडाळावे लागेल आणि लागरच्या पिंपाभोवती दुपारी बर्फ रचावा लागेल.