हमिंगबर्ड आणि हमिंगबर्ड हॉकमॉथ

फुलासमोर हवेत एका जागी तरंगत मध पिणारे हे दोन जीव. एक पक्षी, दुसरा पतंग. साम्य इतके, की १९व्या शतकात ॲमेझॉनच्या जंगलात फिरणारे निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी पक्षी समजून तिथल्या हॉकमॉथवर अनेकदा बंदूक झाडली. पतंगाचाच पुढे पक्षी होतो, असे तिथले लोक त्यांना ठामपणे सांगत. प्रत्यक्षात दोघांचे जवळचे नाते नाही. मध पिण्याची एकच रीत दोन निराळ्या वंशांत आपापली घडत गेली. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वीण घालणारा लाल गळ्याचा हमिंगबर्ड जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा असतो. त्याचे पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा हलतात. हमिंगबर्ड हॉकमॉथ (मॅक्रोग्लॉसम स्टेलाटारम) हा पतंग युरोप आणि उत्तर आफ्रिकेपासून जपानपर्यंत आढळतो. बहुतेक हॉकमॉथ निशाचर असले तरी हा भर उन्हात उडतो. पंख पसरल्यावर तो ४ ते ४.५ सेंमी भरतो आणि ते सेकंदाला ७० हून अधिक वेळा हलतात.

खरा फरक शरीराच्या आत आहे. पक्ष्याचा पंख म्हणजे हाडे असलेला हातच. पतंगाच्या चार पंखांत हाड नाही. छातीचे कवच स्नायूंनी आत-बाहेर दाबले जाते आणि त्या हालचालीने पंख हलतात. तोल सांभाळण्याची पतंगाची युक्ती विलक्षण आहे. बंगळुरूचे संशोधक संजय साने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तंबाखूवरच्या हॉकमॉथच्या मिशा (डोक्यावरच्या स्पर्शिका) कापून पाहिल्या, तेव्हा त्याचे उड्डाण बिघडले. त्याच मिशा पुन्हा चिकटवल्यावर ते सुधारले. म्हणजे वास घेणाऱ्या मिशा शरीराचे वळणेही टिपतात.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बागेत ‘हमिंगबर्ड’ दिसला, तर तो बहुधा हॉकमॉथ किंवा शिंजीर हा छोटा पक्षी असतो. शिंजीर शक्यतो फांदीवर बसून मध पितो. पतंग ओळखायला मिशा पाहाव्यात, आणि मध पिऊन झाल्यावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाणारी सोंड. आपल्याकडचा पारदर्शक पंखांचा हिरवट हॉकमॉथ अनंताच्या झाडावर अंडी घालतो. त्याच्या अळीला शेपटीकडे शिंग असते.