बॅक्लोफेन पंपासाठी रुग्णनिवड

तीव्र स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा व आचके) असलेल्या रुग्णांपैकी कोणाला मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडणारा पंप बसवावा व कोणाला बसवू नये, हे ठरविण्याची वैद्यकीय पद्धती. पंप म्हणजे पोटाच्या कातडीखाली ठेवलेली टिटॅनियमची जाड चकती. तिच्यातील कुपीत साधारण २० किंवा ४० मिलि. औषध मावते. चकतीतून निघालेली बारीक नळी पाठीकडे वळवून मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. बॅक्लोफेन हे ताठरपणा कमी करणारे औषध. तोंडाने घेतलेले बॅक्लोफेन रक्तातून या द्रवात फार थोडे उतरते. थेट द्रवात सोडले तर मिलिग्रॅमचे काम मायक्रोग्रॅमवर भागते आणि गुंगी कमी येते. उपचाराचे सारे मर्म एवढेच.

बॅक्लोफेन १९६२ च्या सुमारास सिबा कंपनीत तयार झाले, तेही अपस्मारावरील औषध म्हणून. अपस्मारावर त्याचा उपयोग बेताचाच ठरला, ताठरपणावर मात्र ते टिकले. मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात ते सोडण्याचा प्रयोग रिचर्ड पेन व जेफ्री क्रोइन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये मेरुरज्जूजन्य आणि १९९६ मध्ये मेंदूजन्य ताठरपणासाठी या मार्गाला मान्यता दिली. म्हणून मेरुरज्जूला इजा झालेले व मल्टिपल स्क्लेरोसिसचे (मेंदू व मेरुरज्जूतील मज्जातंतूंची आवरणे नष्ट करणारा रोग) रुग्ण निवडीच्या निकषांत आधी आले. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे येणारा हालचालींचा दोष), डोक्याची इजा आणि पक्षाघात यांचे रुग्ण नंतर.

निवडायचे कोणाला हा प्रश्न मुळात ताठरपणा कशाला म्हणायचे येथे अडतो. जेम्स लान्स यांच्या १९८० च्या व्याख्येनुसार स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा विरोध वाढतो, ती स्पॅस्टिसिटी. व्याख्या नेटकी आहे, पण रात्री झोपमोड करणारे आचके किंवा स्वच्छता करताना एकमेकांवर घट्ट आवळल्या जाणाऱ्या मांड्या तिच्यात धड बसत नाहीत. २००५ मध्ये युरोपीय अभ्यासगटाने सुचविलेली व्याख्या स्नायूंची खंडित वा सलग अनैच्छिक सक्रियताही सामावून घेते. निवडीच्या कामाला ही व्यापक व्याख्या अधिक सोयीची दिसते.

मोजमापाचेही तसेच. सांधा हलविताना जाणवणारा विरोध आकड्यांत मांडणारी ॲशवर्थ यांची १९६४ ची श्रेणी मल्टिपल स्क्लेरोसिसवरील एका औषधाची परीक्षा घेण्यासाठी बनली होती. १९८७ मध्ये बोहॅनन व स्मिथ यांनी तिच्यात ‘१+’ ही पायरी घातली. पायांतील स्नायूंच्या या आकड्याची सरासरी ३ किंवा त्याहून अधिक असेल, तर रुग्ण पंपासाठी विचारात घेण्याजोगा, असा प्रघात आहे. तथापि आखडलेला स्नायू आणि ताठरलेला स्नायू यांतला फरक ही श्रेणी सांगत नाही. सांधा एकदा सावकाश व एकदा झटक्याने हलवून पाहण्याची टार्ड्यू पद्धत तो बऱ्याच अंशी दाखविते. आखडून बसलेला सांधा औषधाने सुटत नाही; तेथे बहुधा अस्थिशल्यक्रिया लागते.

पंपाचा विचार करण्यापूर्वी ताठरपणा कशाने भडकला आहे ते शोधतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, शय्याव्रण, बद्धकोष्ठ, फार काय, मांसात रुतलेले पायाचे नखही पुरते. कारण दूर होताच कित्येकदा पंपाची गरज उरत नाही. एखाद-दुसऱ्या स्नायूपुरता त्रास असेल, तर तो स्नायू सैल करणारी बोट्युलिनम विषाची सुई बरी. तोंडाने घेतलेली औषधे पुरत नाहीत किंवा पुरेल एवढ्या मात्रेत सोसत नाहीत, हे सिद्ध व्हावे लागते. डोक्याच्या इजेनंतर निदान एक वर्ष थांबावे, असे अमेरिकी औषधपत्रक सांगते. त्या काळात आपोआप सुधारणा होऊ शकते. अंगात चालू असलेला जंतुसंसर्ग आणि बॅक्लोफेनची ॲलर्जी हे सरळ नकार होत.

पुढची पायरी चाचणीमात्रेची. कमरेत सुई घालून ५० मायक्रोग्रॅम औषध देतात. अर्ध्या-एक तासात परिणाम सुरू होतो, चौथ्या तासाच्या आसपास तो शिगेला पोहोचतो व ४ ते ८ तासांत ओसरतो. तोवर भौतिकोपचारतज्ज्ञ ठराविक वेळाने तोच गुडघा, तोच घोटा हलवून आकडे टिपतो. श्वासावर लक्ष ठेवावे लागते. परिणाम न दिसल्यास किमान २४ तासांच्या अंतराने ७५ व मग १०० मायक्रोग्रॅम. शंभरलाही प्रतिसाद नसेल, तर पंप बसवीत नाहीत. या चाचणीच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. बहुतेकांच्या बाबतीत ती यशस्वीच होते, मग सुईचा त्रास कशाला, असे काही जण म्हणतात. चालणाऱ्या रुग्णाबाबत तरी ती वगळू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अशक्त पाय पुष्कळदा ताठरपणाच्याच आधारावर उभे राहतात. तो काढून घेतला की बिछान्यावर आकडा सुधारतो आणि रुग्ण उभा राहताच गुडघे मोडतात. मात्र एकदम दिलेली मात्रा ही पंपातील सावकाश पाझराची नक्कल नव्हे, हेही खरे.

शरीराइतकाच रुग्णाचा संसार पाहावा लागतो. कुपी काही आठवड्यांपासून काही महिन्यांच्या अंतराने सुईने भरावी लागते. बॅटरी संपली की, साधारण ५ ते ७ वर्षांनी, पंपच बदलतात. भरण्याची तारीख चुकली किंवा नळी तुटली, तर औषध अचानक थांबून तीव्र ताप, भ्रम, उसळलेला ताठरपणा व स्नायूपेशींचा नाश होऊन मृत्यूही ओढवतो. म्हणून भरणाकेंद्रापर्यंत येण्याची सोय व घरात कोणी जाणते माणूस नसेल, तर चाचणी यशस्वी होऊनही पंप नाकारला जातो.

मुलांत पंप मावेल एवढे अंग हवे. अमेरिकी मान्यता ४ वर्षांपासून पुढे आहे. पंपामुळे कण्याची वक्रता वाढते का, हा वाद मिटलेला नाही; सेरेब्रल पाल्सीत ती एरवीही वाढते, तेव्हा दोष सर्वस्वी पंपाला देणे कठीण. हातांचा ताठरपणा मुख्य असल्यास नळीचे टोक मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात अधिक वर नेतात.