पब्लिक हेल्थ आणि ग्लोबल हेल्थ: पंपाचा दांडा कुणाच्या हातात?

विद्यापीठाच्या सूचनाफलकावर एकाच आठवड्यात दोन कागद लागलेत अशी कल्पना करा. पहिला रंगीत, ठळक अक्षरांतला: 'ग्लोबल हेल्थ फील्ड प्लेसमेंट, आठ आठवडे, परदेशात'. काम काय, तर एका जिल्ह्यातल्या घरोघरची पाण्याची पिंपं तपासायची, त्यातल्या डासांच्या अळ्या मोजायच्या आणि आकडे तिथल्या आरोग्य खात्याला द्यायचे. दुसरा कागद साधा, कोपऱ्यात टाचलेला: 'सार्वजनिक आरोग्य विभागात संशोधन सहायक पाहिजे'. काम इथंच, ग्रंथालयात. तंबाखू कंपन्यांनी वेगवेगळ्या देशांच्या सरकारांवर भरलेले खटले वाचायचे आणि त्यांचा तक्ता करायचा. पहिल्या कागदापुढे गर्दी असते. दुसऱ्याचा कुणी फोटोसुद्धा काढत नाही. पब्लिक हेल्थ म्हणजे सार्वजनिक आरोग्य, ग्लोबल हेल्थ म्हणजे जागतिक आरोग्य; दोन्हींत फरक काय आणि विद्यार्थ्याने कुठे जावं, हा प्रश्न या फलकापुढेच पडतो.

आता कामं नीट वाचली तर लक्षात येतं की लेबलांची अदलाबदल झालीये. पिंपातल्या अळ्या मोजणं हे अस्सल पब्लिक हेल्थ. तिथल्या पोरांनी केलं असतं तर त्याला कुणी दुसरं नाव दिलं नसतं. विमानाचं तिकीट जोडलं गेलं म्हणून ते ग्लोबल झालं. आणि खटल्यांचा तक्ता हे ग्लोबल हेल्थ, त्यासाठी खुर्चीवरून उठावंही लागत नाही. उरुग्वेने सिगारेटच्या पाकिटावरचे इशारे मोठे केले, तेव्हा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने 2010 मध्ये एका गुंतवणूक कराराच्या आधारे त्या देशालाच आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचलं. निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला, पण 2016 मध्ये. एका देशाच्या आरोग्य खात्याने आपल्याच नागरिकांसाठी काढलेला नियम टिकणार की नाही, याचा फैसला त्या देशाबाहेर होत होता. ग्लोबल हेल्थ म्हणतात ते हे.

फरक कळायला कॉलऱ्याइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण एकाच दशकात, एकाच रोगावर, दोन्ही प्रकारचे प्रयत्न झालेत.

1854 च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलरा भडकला. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांचा माग काढला तेव्हा बहुतेक घरं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती निघाली. स्नो तिथल्या पॅरिशच्या (म्हणजे स्थानिक प्रभागाच्या) कारभारी मंडळापुढे गेले, म्हणणं मांडलं, आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. (साथ त्याआधीच ओसरायला लागली होती, हे स्वतः स्नो यांनीच लिहून ठेवलंय. व्याख्यानांत हा भाग सहसा गाळतात.) महत्त्वाचं हे की दांडा काढायचा म्हटल्यावर काढणारं कुणीतरी होतं. एक वस्ती, तिचा एक कारभार, एक निर्णय. 1920 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे विन्स्लो यांनी पब्लिक हेल्थची जी व्याख्या केली तिच्यात 'समाजाचे संघटित प्रयत्न' हे शब्द आहेत, आणि माझ्या मते सगळी मेख 'संघटित' मध्ये आहे. संघटना आहे म्हणजे तिचं कार्यालय आहे, कार्यालयात अधिकारी आहे, आणि त्याच्याकडे अर्ज करता येतो.

सोहोतल्या साथीच्या तीनच वर्षं आधी, 1851 मध्ये, पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरली होती. बारा देश, प्रत्येकाचा एक डॉक्टर आणि एक राजनैतिक अधिकारी. विषय मुख्यतः कॉलरा, प्लेग, पीतज्वर, आणि त्यांच्या नावाखाली बंदरांत जहाजं किती दिवस अडकवायची हा. परिषद सहा महिने चालली. कॉलरा पसरतो कसा यावरच एकमत होईना. ज्यांचा व्यापार समुद्रावर अवलंबून त्यांना विलग्नवास नको, ज्यांच्या बंदरात रोग उतरायचा त्यांना हवा. खऱ्या अर्थाने लागू झालेला पहिला करार व्हायला 1892 साल उजाडलं, तोही सुएझ कालव्यातल्या वाहतुकीपुरता. सोहोत दांडा निघायला काही दिवस लागले, इथे एकेचाळीस वर्षं. कारण इथे पंप सगळ्यांचा होता आणि दांडा कुणा एकाच्या हातात नव्हता.

माझ्या लेखी फरक इथेच आहे. रोग तोच असू शकतो, मोजायची पद्धत तीच, संख्याशास्त्र तर अगदी तेच. प्रश्न सोडवण्याचा अधिकार एका सरकारच्या, एका महापालिकेच्या, एका खात्याच्या कक्षेत असेल तर ते पब्लिक हेल्थ. कारण किंवा उपाय, दोन्हींपैकी एक जरी कुणा एकाच्या कक्षेत मावत नसेल, तर ग्लोबल हेल्थ.

आजचं उदाहरण घ्या. कोलिस्टिन हे अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं प्रतिजैविक. त्याला दाद न देण्याची ताकद एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज सरकवणारा एमसीआर-1 नावाचा जनुक चीनमधल्या डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडल्याचं नोव्हेंबर 2015 मध्ये जाहीर झालं. काही महिन्यांतच इतर कितीतरी देशांतल्या प्रयोगशाळांनी आपले जुने, गोठवून ठेवलेले नमुने उघडून पाहिले, तर तिथेही तो बसलेला. आता एखाद्या रुग्णालयाने आपल्या वॉर्डात प्रतिजैविकांची शिस्त लावली, तर ते पब्लिक हेल्थच्या अंगणातलं काम, आणि ते व्हायलाच हवं. पण दुसऱ्या खंडातल्या वराहपालनात कोलिस्टिन टनावारी जात असेल तर त्या रुग्णालयाने कुठला दांडा काढायचा?

दांडा नसला की मग करार लिहावे लागतात. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार 2005 मध्ये लागू झाला. सार्सच्या 2003 च्या साथीनंतर नव्याने लिहिलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम 2007 पासून लागू आहेत. जगाला धोका ठरू शकेल अशी घटना आहे असं देशाचं मत झालं, की 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं, असं त्यांत आहे. कळवलं नाही तर? संघटनेकडे ना दंड, ना पोलीस. हे वाचून काही विद्यार्थी हिरमुसतात. ज्यांना नेमकं इथेच कुतूहल वाटतं, त्यांनी खुशाल ग्लोबल हेल्थकडे जावं.

गोंधळाला आणखी एक जुनं कारण आहे: इंटरनॅशनल हेल्थ. लिव्हरपूलला 1898 मध्ये आणि लंडनला 1899 मध्ये उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्था निघाल्या. साम्राज्याचे अधिकारी, खलाशी आणि व्यापारी वसाहतींत आजारी पडत होते, ही त्यामागची मोठी चिंता. 'आपण इथून जायचं, तिकडचे रोग बघायचे, परत यायचं' हा साचा तिथला. पुढे जेफ्री कोप्लान आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 'द लॅन्सेट' मध्ये पब्लिक, इंटरनॅशनल आणि ग्लोबल हेल्थ या तिन्हींचा फरक मांडला. त्यात ग्लोबल हेल्थचा भर प्रश्नाच्या व्याप्तीवर, विषमता कमी करण्यावर आणि दोन्ही बाजूंच्या भागीदारीवर ठेवलाय. विद्यापीठांनी पाट्या बदलल्या, पण पाटीमागचा साचा पुष्कळ ठिकाणी जुनाच राहिला. फलकावरचा तो रंगीत कागद त्याच साच्यातला.

'ग्लोबल' म्हणजे ज्ञान श्रीमंत देशातून निघून गरीब देशात पोचणं, हा समजही त्यातूनच आलाय. जलसंजीवनीचा प्रवास उलटा आहे. कॉलऱ्याच्या रुग्णाला मीठ आणि ग्लुकोज एकत्र पाजलं तर आतडं पाणी शोषून घेतं, यावरचं निर्णायक काम 1960 च्या दशकात ढाक्याला आणि कलकत्त्याला झालं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं गणित बसवलं. पुड्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, तोंडं गरम इस्त्रीने चिकटवून, छावणीवर नेल्या. पिंपांतल्या पाण्यात त्या कालवल्या आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आधी तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण या उपचाराखालच्या रुग्णांत चार टक्क्यांच्याही खाली आलं. तंबूत जे चाललं होतं ते पब्लिक हेल्थ. नंतर तीच पुडी जगभरच्या दवाखान्यांत पोचली, अगदी जिथे सलाइनची कमतरता कधी नव्हती तिथेही, ते ग्लोबल हेल्थ.

देवीच्या निर्मूलनात तर दोन्ही एकाच साखळीत दिसतात. शीतयुद्ध चालू असताना सोव्हिएत संघाने 1958 मध्ये प्रस्ताव मांडला, लशीचे कोट्यवधी डोस दिले, आणि अमेरिका त्याच मोहिमेत राबली. हा झाला ग्लोबल भाग. पण 1977 मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडेपर्यंत दारोदार फिरून फोटो दाखवत 'असं कुणी पाहिलंय का' विचारणारी माणसं राबत होती. तो भाग पब्लिक.

आता विद्यापीठातल्या कार्यक्रमांकडे. व्याख्यानांत फार अडकू नका, ती दोन्ही नावांनी होतात आणि चांगली असली की चांगलीच असतात. केस कॉम्पिटिशन मात्र वेगळा मामला आहे, आणि ग्लोबल हेल्थचा स्वभाव कळायला याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाची स्पर्धा यात नावाजलेली. तशा स्पर्धा आता बऱ्याच ठिकाणी होतात. वेगवेगळ्या विद्याशाखांचा एक गट करायचा, थोडे दिवस आधी एक किचकट प्रकरण हातात पडतं, आणि परीक्षकांपुढे मोजक्या मिनिटांत उपाय मांडायचा. वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्या रात्री लशीबद्दल बोलतो. कायद्याची विद्यार्थिनी विचारते, सीमेवर ती लस अडली तर जबाबदार कोण? वाणिज्यवाला विचारतो, लस थंड ठेवायच्या शीतसाखळीचा खर्च तिसऱ्या वर्षी कोण देणार? मध्यरात्रीपर्यंत लस बाजूला राहते आणि वाद दांड्यावर येतो. ही भांडणं आवडली तर रस्ता सापडला समजा.

मोठ्या परिषदांचंही तसंच. बर्लिनला 2009 पासून भरणारी वर्ल्ड हेल्थ समिट किंवा जिनिव्हाला दर मे महिन्यात होणारी जागतिक आरोग्य सभा इथे रोगांइतकंच पैसा, पेटंट आणि मसुद्यातल्या एखाद्या क्रियापदावर बोललं जातं. रोगशास्त्राच्या ओढीने गेलेला विद्यार्थी तिथे कंटाळतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पदवीचा प्रश्न हमखास येतो: एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) की ग्लोबल हेल्थची एमएस्सी? एमपीएचचा जुना पाया पाच खांबांचा: साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य धोरण आणि व्यवस्थापन, सामाजिक व वर्तनशास्त्र. ग्लोबल हेल्थमध्ये यातलं थोडं थोडं असतं, आणि वर व्यापार, आंतरराष्ट्रीय कायदा, मानववंशशास्त्र, स्थलांतर. मी बिनदिक्कत बाजू घेतो: पाया नसेल तर आधी पाया. साथीचा आलेख स्वतः काढता येत नसताना साथींच्या राजकारणावर बोलणारी माणसं पुरेशी झालीत. राज्यशास्त्र किंवा कायद्यातून येणाऱ्यांना हे तितकंसं लागू नाही, ते वेगळं कौशल्य घेऊन येतात. पण एक संख्याशास्त्राचा कोर्स त्यांनीही करावाच.

राहिले परदेशातले प्लेसमेंट. आयएफएमएसए ही वैद्यकीय विद्यार्थ्यांची संघटना 1951 पासून आहे, तिच्यामार्फत रुग्णालयांत किंवा संशोधनासाठी अदलाबदल होते, आणि अदलाबदल म्हणजे खरंच दोन्ही दिशांनी. जागतिक आरोग्य संघटनेची इंटर्नशिप 6 ते 24 आठवड्यांची असते आणि 2020 पासून तिच्यात विद्यावेतन मिळतं. त्याआधी ते नव्हतं, त्यामुळे जिनिव्हात स्वतःच्या खर्चाने राहू शकणाऱ्यांचीच तिथे गर्दी व्हायची. समतेवर बोलणाऱ्या इमारतीत हे बरं दिसत नव्हतं.

बाकीच्या आठ-आठ आठवड्यांच्या योजनांबाबत जरा सावध राहावं. यजमान दवाखान्यातली एक नर्स पाहुण्या विद्यार्थ्याला दाखवत, समजावत फिरते तेव्हा तिच्या रांगेतले रुग्ण थांबलेले असतात. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. अशा प्रशिक्षणांसाठी 2010 मध्ये 'वेट' या नावाने नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. पाठवणारी संस्था, यजमान, विद्यार्थी आणि पैसे देणारे अशा सगळ्यांच्या जबाबदाऱ्या त्यांत मांडल्यात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपल्या रुग्णालयात ज्या रुग्णाला हात लावू देत नाहीत, त्याला तिकडे टाके घालायला देत असतील, तर त्या कागदाला कुठलंही नाव द्या, तो नाकारावा.

अर्ज करण्याआधी आयोजकांना एक छोटी मेल टाका. हा प्रश्न आधी कुणी विचारला, तिथल्यांनी की इथल्यांनी? जमा झालेली माहिती शेवटी कुणाकडे राहणार? निबंध छापून आला तर तिथल्या सहकाऱ्यांची नावं कुठल्या जागी असतील? आणि तिथून कुणी आठ आठवड्यांसाठी इकडे येणार आहे का? ज्यांनी योजना विचार करून आखलीये ते सहसा लगेच आणि सविस्तर लिहितात, कधी तिथल्या सहकाऱ्याचा पत्ताही देतात. काही ठिकाणांहून मात्र उत्तर म्हणून व्हिसाची माहिती, लशींची यादी आणि शनिवार-रविवारच्या सहलींचं वेळापत्रक येतं.