लाखोळीची डाळ, सरकारी लॅब आणि पॅकेटमध्ये विकता न येणारं संशोधन

नागपूरहून मौदा ओलांडून भंडाऱ्याकडे निघालं की धानाचा पट्टा सुरू होतो. तिथे धान कापायच्या आधीच, जमिनीत ओल आहे तोवर, उभ्या धानात लाखोळी फेकून देतात. नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही, खत जवळपास नाहीच, तरी पीक हाती येतं. पाऊस दगा देतो तेव्हा चणा जातो, गहू जातो, लाखोळी मात्र तग धरते, आणि त्या डाळीत १०० ग्रॅममागे २८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, तुरीच्या डाळीत २२ च्या आसपास. गरीब माणसासाठी याहून चांगलं काय पाहिजे असं वाटेल कोणालाही.

पण हीच डाळ माणसाचे पाय कायमचे घालवू शकते, आणि ते कसं घडतं हे शोधून काढलं ते जवळपास सगळं सरकारी पैशातून चालणाऱ्या संस्थांनी. मला आज त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण आहारावरच्या संशोधनाला सरकारने पैसा काहून द्यायचा, डाळभात तर सगळे खातातच ना, असं बोलणारे लोक बरेच भेटतात.

आजाराचं नाव लॅथिरिझम. हिंदीत या डाळीला खेसारी किंवा तिवडा म्हणतात. मध्य प्रदेशातल्या सागर भागात १८३० च्या आसपास लागोपाठ गव्हाचं पीक गेलं, शेतात फक्त खेसारी उरली, लोकांनी तीच खाल्ली आणि चांगले धडधाकट तरुण पायाने अधू झाले, याची नोंद इंग्रज अधिकारी स्लीमनने करून ठेवली आहे. पुढे रीवा भागात तर वेठबिगार मजुरांना मजुरीच खेसारीत मिळायची. म्हणजे महिनोन्महिने ताटात दुसरं काही नाहीच. सुरुवातीला पोटऱ्या ताठरतात, मग गुडघे वाकत नाहीत, चालताना पायात पाय अडकतात, काठी लागते, काही जण शेवटी सरपटत चालतात. हात चालतात, डोकं चालतं, फक्त पाय जातात, आणि गेलेले पाय परत येत नाहीत. यावर आजही औषध नाही.

डाळीत नेमकं काय आहे हे कळायला १९६४ साल उजाडलं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, आदिगा आणि सरमा यांनी बियांमधून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं, त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या संशोधकांनीही तेच शोधलं. आपल्या मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेतं, ओडॅप दिसायला त्याच्यासारखंच, त्यामुळे ते त्याच जागी जाऊन बसतं आणि पेशीला सारखं चेतवत राहतं, जसं कोणी दारावरची बेल दाबून धरली आणि सोडलीच नाही. पेशी थकते आणि मरते. पायांकडे हुकूम नेणाऱ्या लांबलचक नसांना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात चांगली भिजवली आणि ते पाणी फेकून दिलं की त्यातला बराच भाग निघून जातो. हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, तपासून दाखवलं. सोबत भात, भाकरी, भाजी असेल, डाळ ताटातला छोटा भाग असेल तर धोका आणखी कमी, कारण हा आजार होतो तो रोजच्या जेवणातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त फक्त लाखोळीच असेल आणि ते दोन-तीन महिने किंवा अधिक चालू राहिलं तर.

आता सांगा, "भिजवा आणि पाणी फेका" हे ज्ञान कोणती कंपनी विकणार? त्याचं पॅकेट होत नाही, पेटंट होत नाही, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या खिशात तसाही पैसा नाही. बाजाराला इथे काही मिळतच नाही म्हणून बाजार इथे येत नाही, यात कोणाला दोष द्यायचा प्रश्न नाही, पण मग ते काम कोणीतरी करावंच लागतं. मिठाचंही तसंच झालं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागात आयोडीनचं मीठ दिलं, काही भागात साधं, आणि गलगंड कुठे कमी होतो ते वर्षानुवर्षं मोजत बसले. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज नागपूरच्या कुठल्याही किराणा दुकानात मिठाच्या पुडीवर आयोडीन लिहिलेलं असतं, त्यामागे ही मोजणी आहे.

लाखोळीवर तेव्हा सोपा मार्ग निवडला गेला. १९६१ मध्ये केंद्राच्या अन्नभेसळ नियमांत तिच्या विक्रीवर बंदी आली, आणि एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था, तिच्या २०११ च्या नियमांतही ही बंदी राहिली. पेरणारे पेरतच राहिले, झाडीपट्टीत पाल्याची भाजी आणि डाळीचे वडे होतच राहिले. बंदीचा एक वाईट परिणाम असाही की जे उघडपणे विकता येत नाही ते दुसऱ्यात मिसळून विकलं जातं, तुरीच्या आणि चण्याच्या डाळीत, बेसनात. आपल्या इकडे पाटोडी, झुणका, गोळाभात, सगळं चण्याच्या डाळीवर किंवा बेसनावरच चालतं, तेव्हा अख्खी डाळ घेताना दाणे बघून घ्या, लाखोळीचा दाणा गोल नसतो, चौकोनीसर आणि एका बाजूने तिरका छाटल्यासारखा असतो.

दुसरा मार्ग शेतकी शास्त्रज्ञांनी धरला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने टिश्यू कल्चरमधून रतन नावाचं वाण काढलं, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने प्रतीक आणि महातिवडा काढले, या वाणांत ओडॅप ०.१ टक्क्याच्या आतबाहेर असतं, जुन्या वाणांपेक्षा बरंच कमी. एनआयएनची टीम गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत जाऊन कोण किती खातं, कसं शिजवतं, कोणाच्या पायात ताठरपणा आहे का हे घरोघर तपासून आली, ते काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. लोक लाखोळी खातात, पण थोडी, आणि बाकी जेवणासोबत. पुढे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, समितीने या तीन वाणांच्या आधारे बंदी उठवावी असं सुचवलं.

मला स्वतःला शिफारस योग्य वाटते, पण अर्धीच. कारण लाखोळीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात, शेजारच्या जुन्या वाणाशी संकर होतो आणि शेतकऱ्याने घरचंच बी चार-पाच वर्षं वापरलं तर ओडॅप हळूहळू पुन्हा वर येऊ शकतं. वर दुष्काळात आणि झिंक कमी असलेल्या जमिनीत तेच वाण जास्त ओडॅप बनवतं. म्हणजे ज्या वर्षी पाऊस नाही, बाकी पिकं गेली, लोक लाखोळीवरच आले, त्याच वर्षी दाण्यात विष जास्त. म्हणून दर हंगामात मौदा, भंडारा, गोंदियाकडचे नमुने घेऊन ओडॅप मोजायला हवं, शेतकऱ्याला ताजं प्रमाणित बी परवडेल अशा दरात मिळायला हवं, आणि दुष्काळाच्या वर्षी तर मोजणी दुप्पट हवी आणि रेशनवर लाखोळीशिवाय दुसरी डाळ पोचायला हवी. याचा खर्च मोठ्या हॉस्पिटलच्या एका मशीनपुढे किरकोळ आहे, आणि तो सरकारनेच करायचा आहे.