उंचावरच्या तळ्यातली काळी डाफ्निया

घरी फिश टँक असेल तर डाफ्निया माहीत असणारच, कोळंबीच्या गोतावळ्यातला इवलासा पाण्यातला जीव, माशांचं लाइव्ह फूड म्हणून मिळते ती, पाण्यात टुणटुण उड्या मारल्यासारखी पोहणारी. मायक्रोस्कोपखाली धरली की धडधडणारं हृदयसुद्धा दिसतं, इतकी पारदर्शक. पण कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात, उंचावरच्या तळ्यांत तिची एक बहीण राहते, डाफ्निया मेलॅनिका, आणि ती चक्क काळपट असते.

कारण ऊन. जितकं वर जाल तितकी हवा विरळ आणि यूव्ही, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, जास्त, त्यात पाणी काचेसारखं स्वच्छ म्हणजे किरण खोलवर जातात आणि थंडीमुळे शरीराचं रिपेअरचं कामही हळू चालतं. म्हणून कवचात मेलॅनिन, हे किरण अडवणारं गडद रंगद्रव्य, आपल्या त्वचेत असतं तसलंच. पण ते महाग पडतं, कात टाकली की जुन्या कवचाबरोबर तेही गेलं, पुन्हा नव्याने बनवा.

बरं, या तळ्यांत मुळात मासेच नव्हते, धबधबे चढून येणार कसे? १९व्या शतकापासून लोकांनी गळ टाकायच्या हौसेपायी ट्राउट मासे आणून सोडले, आधी खेचरांवरून आणि नंतर तर विमानातून! काळी डाफ्निया ट्राउटला लगेच दिसते आणि खाल्ली जाते. झालं, मासेवाल्या तळ्यांतल्या डाफ्निया फिकट होत गेल्या.

२०१० मध्ये अॅलिसन स्कोव्हिल आणि मायकल फ्रेंडर या शास्त्रज्ञांनी यावर जे काम छापलं ते मला फार आवडतं. डाफ्निया बहुतेक वेळा नराशिवायच पिल्लं देते, म्हणजे एकाच आईच्या हुबेहूब कॉप्या, काही यूव्हीत वाढवायच्या, काही यूव्हीशिवाय, मग जो फरक दिसेल तो फक्त उन्हाचा. बिनमाशांच्या तळ्यातल्या यूव्हीत चांगल्याच काळ्या पडल्या, मासेवाल्या तळ्यांतल्या फारशा बदलल्याच नाहीत. म्हणजे नुसता रंग नाही, ऊन बघून रंग बदलायची सवयच काही दशकांत बदलली, तीही वेगवेगळ्या तळ्यांत! मेलॅनिनशी संबंधित डीडीसी आणि एबनी या जीन्स कधी किती चालतात, यात त्यांना फरक सापडला.

ट्राउट बेडकांची पिल्लंही खातात, म्हणून आता तिथे बेडकांना वाचवायला काही तळ्यांतून ट्राउट काढतायत. तळाच्या गाळात डाफ्नियाची अंडी कित्येक वर्षं टिकून असतात, त्यामुळे जिथून ती पार नाहीशी झाली होती तिथेही ती परत आली. तिथलाच लालभडक कोपेपॉड, हाही डाफ्नियासारखाच इवलासा जीव, मात्र बऱ्याच ठिकाणी परतला नाही, त्याला पिल्लांसाठी नर-मादी दोघं लागतात आणि अख्ख्या तळ्यात मूठभरच उरले तर ते भेटणार कुठे? डाफ्नियाची एक मादी उबली तरी पुरते.